एसी थंड करीत नाही? आधी जाळी काढून बघा!

वैशाख तापला की हट्ट्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. पत्र्याच्या घरात कूलर, तर नोकरदाराच्या स्लॅबच्या घरात आता हप्त्यावर घेतलेला एसी. आणि ऐन बुद्धजयंतीला, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, तो नुसता वारा फेकू लागतो. वसमतहून मिस्त्री येतो आणि सांगतो, "गॅस संपला."

बंधू-भगिनींनो, इथेच थांबा. एसीतला गॅस चुलीच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत घरातली उष्णता बाहेर टाकतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. दाब मोजला का, गळती कुठे सापडली, हे स्पष्ट विचारावे. आर-२२ की आर-३२, हे यंत्रावरच्या पट्टीवर छापलेले असते. एकाच्या जागी दुसरा भरू देऊ नये.

आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यात हेच झाले. हळदीचा हंगाम नुकताच उरकला होता. मुलीने आतली जाळी काढली, तर तिच्यावर पिवळट धुळीचा थर! जाळी धुतली, सावलीत वाळवली, बसवली. एसी पूर्ववत झाला. खर्च शून्य.

बाहेरचा पंखा फिरत नसेल किंवा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरत असेल, तर पुष्कळदा कपॅसिटर गेलेला असतो. तो काही शे रुपयांत येतो. कॉम्प्रेसर बदलायचा तर हजारो रुपये जातात. म्हणून आधी कपॅसिटर व व्होल्टेज तपासून घ्यावे, वॉरंटीचा कागद काढावा, बदललेला जुना भाग व पावती मागून घ्यावी. पावती मागण्यात संकोच कसला? मात्र झाकण स्वतः उघडू नये. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. ती वीज आता आपल्या घरात आली आहे. पण कूलरबाबत आपण फार बेफिकीर असतो. लोखंडी टाकी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि चालू कूलरमध्ये पाणी ओतणारे लेकरू, हे दृश्य घरोघरी दिसते. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून याच आठवड्यात तपासून घ्यावे.