जनुकीय खूण म्हणजे निदान नव्हे

चेन्नईतील क्षयरोग संशोधन केंद्र (२०११ पासून राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था) १९५६ मध्ये सुरू झाले. क्षयरुग्णावर आरोग्यधामाऐवजी घरीच उपचार करता येतात, हे याच केंद्राने जगाला दाखवून दिले. पुढे १९९० च्या दशकात तेथील पी. सेल्वराज व सहकाऱ्यांनी क्षयाच्या जनुकीय बाजूचा अभ्यास केला. फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांत एचएलए-डीआर२ हा जनुकीय प्रकार निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक प्रमाणात आढळला.

हाच डीआर२ एका अगदी वेगळ्या आजारातही भेटतो. तो आजार म्हणजे नार्कोलेप्सी. भरदिवसा अनावर झोप येणे आणि हसू आले असता मान वा गुडघे एकाएकी ढिले पडणे ही त्याची ठळक लक्षणे होत. आजार बहुधा कुमारवयात सुरू होतो. वर्गात पेंगणारा मुलगा आळशी ठरतो आणि निदानास कित्येक वर्षे लागतात.

मेंदूला जागे ठेवणारे हायपोक्रेटिन हे रसायन हायपोथॅलॅमसमधील थोड्या चेतापेशी तयार करतात. स्नायू ढिले पडणाऱ्या प्रकारात या पेशी नष्ट झालेल्या असतात, हे २००० साली स्पष्ट झाले. डॉबरमन कुत्र्यांत मात्र एकच सदोष जनुक या आजारास पुरते. माणसात तसे जवळजवळ घडत नाही. येथे धागा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांकडे जातो. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला आपले व परके ओळखण्यास ही जनुके साहाय्य करतात. म्हणूनच स्वतःच्याच चेतापेशींवर हल्ला होत असावा, असे मानले जाते.

जपानी संशोधकांना १९८० च्या दशकात जवळजवळ सर्व रुग्णांत डीआर२ आढळला. सूक्ष्म तपासणीत खरा संबंध शेजारच्या डीक्यूबी१*०६०२ या प्रकाराशी असल्याचे दिसले. दक्षिण भारतातील क्षयरुग्णांत मात्र डीआर२ सोबत बहुधा डीक्यूबी१*०६०१ आढळला आणि नार्कोलेप्सीच्या बाबतीत हा प्रकार संरक्षक मानला जातो! आकड्यात फरक केवळ एकाचा, परिणाम मात्र उलट. केवळ डीआर२ पाहून निष्कर्ष काढणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.

०६०२ असणाऱ्यांपैकीही बहुसंख्यांना हा आजार कधीच होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत सुमारे पाचातील एकाकडे तो प्रकार असतो. आजार मात्र साधारण दोन हजारांत एकास होतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकास आजार असताना दुसरा बहुतेक वेळा निरोगी राहतो. जनुकांखेरीज बाहेरचे निमित्तही लागते. इन्फ्लुएंझाच्या २००९ मधील साथीनंतर फिनलंड व स्वीडनमध्ये पँडेमरिक्स लस घेतलेल्या मुलांत नार्कोलेप्सीचे प्रमाण वाढले. तपासलेल्या जवळजवळ सर्व बाधित मुलांत ०६०२ होता, परंतु हाच प्रकार असलेली बहुसंख्य लसवंत मुले सुरक्षित राहिली.

यामुळे निदान आजही रात्रीच्या झोपेची नोंद आणि दुसऱ्या दिवशी मोजलेल्या डुलक्यांवरून होते. आवश्यक तेथे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील हायपोक्रेटिनही मोजतात. जनुकीय चाचणीचा उपयोग मुख्यतः उलट दिशेने होतो. ०६०२ आढळला नाही, तर वैद्य दिवसाच्या झोपेमागे दुसरे कारण शोधू लागतो.