सव्वाशे किलो मैदा

1960 चं दशक संपत आलं होतं. अमेरिकेत बॉस्टनशेजारच्या केंब्रिज गावात, एका घरातल्या भट्टीतून पावामागून पाव बाहेर येत होते आणि नापास होत होते. कधी साल जाड, कधी आतला गर गच्च, कधी सगळं जमल्यासारखं दिसायचं आणि चव भलतीच निघायची. हे करणारी बाई नवशिकी नव्हती. स्वयंपाकासाठी अख्खी अमेरिका तिला टीव्हीवर बघत होती. ज्युलिया चाइल्ड तिचं नाव. आणि हिला पाव जमत नव्हता!

ज्युलियाबाई या वाटेला लागल्या तेच मुळी उशिरा. 1912 चा जन्म, उंची सहा फूट दोन इंच, खातं-पितं घर आणि स्वयंपाकाचा गंध नाही. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकेच्या हेरखात्यात कचेरीकाम करत होत्या. त्या कामावर श्रीलंकेत, कँडीला असताना पॉल चाइल्ड भेटले. 1946 मध्ये लग्न झालं. 1948 मध्ये पॉलची सरकारी नेमणूक पॅरिसला झाली आणि तिथल्या जेवणानं बाईंना झपाटलं. पुढच्याच वर्षी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्या पॅरिसच्या ‘कॉर्दों ब्लू’ या पाकशाळेत दाखल झाल्या. सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर त्यांनी अमेरिकी गृहिणींसाठी फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक लिहायला घेतलं. एका प्रकाशकानं ते परत केलं. शेवटी 1961 मध्ये नॉफ या प्रकाशन संस्थेनं तो सातशेहून जास्त पानांचा ठोकळा छापला.

टीव्हीचं दार त्या पुस्तकामुळेच उघडलं. 1962 मध्ये बॉस्टनच्या वाहिनीनं त्यांना पुस्तकांवर गप्पा मारायला बोलावलं. बाई जाताना शेगडी, तवा आणि अंडी घेऊन गेल्या आणि कॅमेऱ्यापुढे ऑम्लेट करून दाखवलं. प्रेक्षकांची पत्रं आली, आणखी दाखवा म्हणून. 11 फेब्रुवारी 1963 पासून ‘द फ्रेंच शेफ’ सुरू झाला. बटाट्याचा थर तव्यावर उलटताना निम्मा ओट्यावर सांडला, तरी बाई डगमगल्या नाहीत. गोळा करून पुन्हा तव्यात टाकला. लोकांना ही बाई आवडली ती यासाठी. माझ्या मते मात्र त्यांचं खरं मोठेपण ओट्यावर सांडण्यात नव्हतं, सांडण्याआधीच्या तयारीत होतं. एकेक पदार्थ त्या पुन्हा पुन्हा करून बघत आणि दुसऱ्याच्या हातून तो कुठे चुकेल ते आधी शोधून काढत.

पुस्तकाचा दुसरा खंड ठरला, तेव्हा नॉफच्या संपादिका ज्युडिथ जोन्स यांनी हट्ट धरला: यात फ्रेंच पाव हवाच. अमेरिकेत तेव्हा बहुतेक घरांत दुकानातला पांढरा, मऊमऊ, कापून पिशवीत भरलेला ब्रेड असायचा. कुरकुरीत सालीचा लांबुळका पाव खायचा तर घरीच करायला हवा होता. पण करायचा कसा? खुद्द फ्रान्समध्ये हा पाव घरी कोणी करत नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणतात. त्यामुळे घरगुती कृती अशी कुठे नव्हतीच. बेकऱ्यांची कृती होती, पण तिला बेकरीची भट्टी लागते: तळाला तापलेला दगड आणि आत वाफ सोडायची सोय. मैदाही तिथला वेगळा. अमेरिकी मैदा जास्त ताठ, त्याला तार जास्त.

चांगला मैदा फ्रान्सहून मागवला की काम सोपं झालं असतं. पण मग पुस्तक वाचणाऱ्या बाईनं काय करायचं? पाव व्हायला हवा होता तो कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मैद्याचा आणि घरातल्या साध्या ओव्हनमधला. पॉल निवृत्त होते, चित्रकार होते, हातात कला होती. तेही पिठात हात घालून उतरले. मैदा बदलून पाहिला, यीस्ट कमी-जास्त केलं, ओव्हनमध्ये पाण्याचे फवारे मारून पाहिले. पाव होत होता, पण पॅरिसचा होत नव्हता.

कोंडी फुटली ती पॅरिसमध्ये. तिथल्या दळण-बेकरीच्या सरकारी शाळेत रेमों काल्वेल नावाचे प्राध्यापक होते. पावाच्या विषयात त्यांच्या शब्दाला फ्रान्सभर मान. ज्युलिया आणि पॉल त्यांच्याकडे गेले आणि एकाच दुपारी उलगडा झाला. काल्वेल यांची प्रत्येक कृती या दोघांच्या कृतीच्या उलट होती. यांचं पीठ घट्ट असायचं. त्यांचं सैल, हाताला चिकटणारं. यांना फुगवायची घाई होती. ते पीठ थंडाव्याला निवांत ठेवत, एकदा फुगलं की हवा दाबून काढत आणि पुन्हा फुगू देत. पावाची चव त्या संथपणात तयार होते. मग आकार द्यायची रीत. गोळा नुसता लांबवायचा नाही. दुमडत, दाबत, ओढत त्याच्या पाठीवर एक ताणलेला पापुद्रा तयार करायचा. तो पापुद्राच सैल पिठाला धरून ठेवतो. शेवटी पात्यानं तिरके काप, म्हणजे पाव फुलताना कुठे फाटायचं हे त्याला आधीच ठरवून दिलेलं असतं.

हाताचं कोडं सुटलं, भट्टीचं बाकी होतं. घरच्या ओव्हनमधल्या पत्र्यावर थंड, ओलं पीठ पडलं की पत्रा क्षणात निवतो आणि पावाला खालून हवा तो चटका बसत नाही. पातळ पत्र्यात उष्णता साठणार तरी किती? म्हणून त्यांनी जाळीवर फरशा मांडून आधी भरपूर तापवल्या आणि पाव थेट त्यांवर सोडला. वाफेसाठी ओव्हनच्या तळाशी पाण्याचं पातेलं ठेवलं आणि त्यात लालबुंद तापलेली वीट सोडली. वीट नसेल तर कुऱ्हाडीचं पातंसुद्धा चालतं! चर्रकन वाफेचा लोट उठतो. त्या वाफेनं सुरुवातीची काही मिनिटं साल ओली, लवचीक राहते, पाव मनासारखा फुगतो आणि मग साल वाळून कडक, चकचकीत होते.

पाव जमला. दोन वर्षं गेली आणि 284 पौंड, म्हणजे सुमारे 129 किलो मैदा लागला. 1970 मध्ये दुसरा खंड निघाला, त्यात या एका पावाला जवळजवळ वीस पानं दिली होती, आकृत्यांसह. पण एक विघ्न राहिलंच होतं. त्यांनी निवडलेल्या फरशा ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या होत्या आणि ॲस्बेस्टॉसनं कर्करोग होतो हे समोर आलं. पुन्हा धावाधाव, पुन्हा चाचण्या. शेवटी उतारा सापडला तो साध्या, भाजलेल्या लाल मातीच्या फरशांचा.

इथे आमच्या खानदेशातल्या पारोळ्याचा वाचक हसणार, आणि त्यानं हसावंच. तापलेली माती आणि सैल पीठ! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे घराघरात दुसरं काय असतं? लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके, गौराईची गाणी, आमरसाचं पातेलं आणि चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर. कणीक वस्त्रगाळ केलेली, पाण्याचा हात घेत घेत इतकी तिंबलेली की उचलली तर तार सुटते. त्यात पुरण भरायचं आणि पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून पोळी दोन्ही हातांवर खेळवायची. मनगटापासून कोपरापर्यंत ती आपल्याच वजनानं लांबत, पातळ होत जाते आणि मग एका झटक्यात खापरावर पसरते. खापर गार पडत नाही, म्हणून एवढी मोठी ओली पोळीही न चिकटता भाजून निघते. नवं खापर एकदम जाळावर धरलं तर तडकतं, आधी मंद आचेवर तापवावं लागतं, हेही इथल्या पोरीबाळींना ठाऊक. काल्वेलसाहेबांची शिकवणी इथे कोणाला लागली नसती.

पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतो. आमच्याकडच्या एका मावशींना मी विचारलं, “मावशी, कणकीत पाणी किती?” त्या अहिराणीत म्हणाल्या, “हातले समजस.” उत्तर खरं आहे. फक्त ते ज्याच्या हाताला आधीच समजतं, त्याच्याच उपयोगाचं आहे.

ज्या 1970 साली ज्युलियाबाईंचा दुसरा खंड आला, त्याच साली किर्लोस्कर प्रकाशनानं कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक काढलं. कमलाबाई सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या, शाळा चौथीपर्यंत, टीव्हीचा झोत वगैरे काही नाही. पण दोघींनी हात घातला तो एकाच दुखण्याला. सासूच्या हातातला ‘अंदाज’ कागदावर कसा उतरवायचा? ज्युलियाबाईंनी वीस पानं आणि आकृत्या खर्ची घातल्या. कमलाबाईंनी घरातली वाटी आणि चमचा हेच माप धरलं. वजनकाटा नसलेल्या स्वयंपाकघरात नवी सून पुस्तक उघडून भाजी करू लागली. मराठी प्रतींचाच खप दीड लाखांवर गेला. मला विचाराल तर हा शोध त्या पावापेक्षा तसूभरही कमी नाही, उलट जास्त काटकसरीचा आहे.

खापरावरच्या पोळीला वाटी-चमच्याचं माप सहजी पुरणार नाही, हेही मान्य. तिथे वीस पानांची, आकृत्यांची रीतच लागेल. तेव्हा येत्या आखाजीला कोणीतरी वजनकाटा, घड्याळ आणि वही घेऊन चुलीपाशी बसावं. गहू कोणता, दळण्याआधी किती ओलवला, किलोभर कणकीला पाणी किती आणि किती वेळा घातलं, तिंबायला किती मिनिटं गेली, पुरणाचा गोळा कणकीच्या किती पट होता, खापर किती वेळ तापलं, हातावर पोळीनं किती फेरे घेतले. मावशी वैतागतील. वैतागल्या तरी विचारत राहावं. आणि पहिल्या पाच-सात पोळ्या फाटल्या, तर कुठे फाटल्या तेही वहीत टिपावं.