वायुवाहिनी आणि जमिनीचा धनी

मुंबईहून नागपूरमार्गे ओडिशातील झारसुगुड्यापर्यंत जाणारी 'गेल' या सार्वजनिक कंपनीची नैसर्गिक वायूची वाहिनी सुमारे सतराशे किलोमीटर लांबीची आहे. महाराष्ट्रात तिचा मोठा टप्पा समृद्धी महामार्गाच्या कडेने जातो. नागपूरच्या पूर्वेस ती वैनगंगेचे खोरे ओलांडते. अशी वाहिनी सुरक्षितपणे आणि अखंड कशी चालवावी, हा प्रश्न अभियंत्यांचा आहे असे सामान्यतः समजले जाते. परंतु ज्याच्या शेताखालून ती जाते त्या शेतकऱ्याच्या हिताशीही तो तितकाच निगडित आहे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

अभियंत्यांनी आपल्याकडून पुष्कळ तजवीज केलेली असते. पोलादी नळांना गंज चढू नये म्हणून त्यांवर लेप दिला जातो आणि सौम्य विद्युतप्रवाह खेळवला जातो. ठरावीक अंतरावर झडपा असतात. नळाच्या आतून फिरून त्याची जाडी तपासणारी यंत्रे असतात. नियंत्रण कक्षात वायूचा दाब अहोरात्र पाहिला जातो. तरीही बारीक गळतीने दाबात पडणारा फरक इतका अल्प असतो की, तो दूरच्या कक्षात सहज ध्यानात येत नाही. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. ओळखीचा उग्र वास त्यात बहुधा शहरातील वितरणाच्या वेळी मिसळला जातो. तेव्हा रानातली गळती प्रथम कळते ती तिथे वावरणाऱ्या माणसालाच: धानाच्या बांधीतील पाण्यात उठणाऱ्या बुडबुड्यांवरून, करपलेल्या पिकाच्या पट्ट्यावरून किंवा जमिनीतून येणाऱ्या फुसकाऱ्यावरून. बेसावध खोदाई हा तर वाहिनीचा जगभरचा शत्रू आहे, आणि शेतात खोदाईचे यंत्र कधी येणार हेही शेतकऱ्यालाच आधी ठाऊक असते.

२७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम या गावी पहाटे वायुवाहिनीचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. कोरड्या वायूसाठी असलेल्या वाहिनीतून ओलसर वायू नेल्यामुळे ती आतून गंजली होती, असे चौकशीत आढळले. गळतीविषयी आपण आधीच सांगितले होते, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. ते खरे असेल तर त्या गावात पाहणारे डोळे होते, त्यांचे ऐकून घेणारी व्यवस्था मात्र नव्हती, असेच म्हणावे लागेल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांसंबंधीच्या १९६२ च्या कायद्यानुसार जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते; सरकार केवळ वापराचा हक्क घेते. त्यापोटी प्रत्यक्ष नुकसानभरपाई आणि अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम एकदाच मिळते. त्यानंतर मात्र त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खोदता येत नाही, झाडही लावता येत नाही. हे निर्बंध सुरक्षिततेसाठी आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात, जिथे बोडीतल्या पाण्यावर धान तगते, तिथे तळे खोदण्याचा हक्क गमावणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकालाही उमगावे. बंधन कायमचे आणि मोबदला एकवारचा, असा हा व्यवहार आहे.

भंडाऱ्याला या बाबतीत एक जुना धडा ठाऊक आहे. कोहळी समाजाने बांधलेले इथले तलाव पिढ्यान्‌पिढ्या टिकले. त्या व्यवस्थेत विषमता होती हे खरे. पण पाळीला भगदाड पडले तर ज्याचे पीक बुडणार, तोच पाळीवर नजर ठेवीत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. देखभाल कोणाची, हे मात्र संदिग्ध राहिले आणि अनेक तलाव गाळाने भरले. राखणाऱ्याचे हित राखणीत गुंतलेले नसेल तर राखण होत नाही, हाच त्याचा अर्थ.

म्हणून वाहिनीखालच्या जमिनीसाठी एकरकमी मोबदल्याखेरीज दरवर्षी काही भाडे द्यावे. गस्तीचे काम शक्यतो त्याच गावातील तरुणांना द्यावे, आणि वाहिनीच्या तपासणीचा अहवाल वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे मराठीत वाचावा. खर्च वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु १ एप्रिल २०२३ पासून वायुवहनाचा एकीकृत दर लागू झाला असून, वाहिन्यांच्या जाळ्याचा भार देशभरच्या ग्राहकांत वाटला जातो. त्या प्रचंड आकारमानात शेतकऱ्याचे भाडे किती भरणार? उलट एका स्फोटाने बंद पडलेले कारखाने आणि गेलेले जीव यांची किंमत कोणत्याही दरात बसणारी नाही.

वायू दूरच्या कारखान्याला मिळतो, धोका मात्र जवळच्या शेताला राहतो. ज्याच्या वाट्याला हा धोका आला, त्याला राखणीचा रास्त मोबदला मिळाला, तर ती वाहिनी त्यालाही आपली वाटेल. तोवर तिची सुरक्षितता कागदावर पुरी असली तरी शेतात अपुरीच राहील.