थकण्याचा खर्च : मिनिटाला ११ लाख

स्टॉपवॉच लावा आणि घरातल्या आजोबांना नेहमीच्या चालीने १५ फूट चालायला सांगा. उंचीप्रमाणे सहा-सात सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर एक खूण जुळली. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली अशा पाच खुणा ठरवल्या. बाकीच्या चार म्हणजे हाताची सैल पकड, प्रयत्न न करता वर्षात साडेचार किलो वजन उतरणं, सततचा थकवा आणि कमी झालेली हालचाल. तीन जुळल्या की डॉक्टर त्याला फ्रेल्टी, म्हणजे जर्जरता म्हणतात. आपण म्हणतो, ‘हल्ली फार थकलेत.’

ब्रिटनमध्ये तर स्टॉपवॉचही लागत नाही. डॉक्टरांच्या संगणकातल्या नोंदींतून ३६ उणिवा तपासल्या जातात : कमी ऐकू येणं, पडणं, विसराळूपणा, औषधांची लांबलचक यादी. पाच उणिवांपासून पुढे सौम्य जर्जरता, नवापासून मध्यम, तेरापासून तीव्र. तीव्र गटातल्या माणसाला वर्षभरात मृत्यू येण्याचा किंवा इस्पितळात दाखल व्हावं लागण्याचा धोका धडधाकट समवयस्कांच्या साडेचार पटींहून अधिक.

आता पैसे. २०१९च्या ब्रिटिश हिशेबानुसार सौम्य जर्जर माणसामागे उपचारांचा वार्षिक खर्च ५६१ पौंडांनी वाढतो, मध्यममागे १,२०९ आणि तीव्रमागे २,१०८ पौंडांनी. साऱ्या देशाचा मिळून जादा बोजा ५८० कोटी पौंड. पौंडाला शंभरच रुपये धरले तरी ५८ हजार कोटी रुपये. दिवसाला १५९ कोटी, मिनिटाला ११ लाख. लेकीने सोडलेली नोकरी आणि सुनेने काढलेल्या रजा यात नाहीत. त्या कोण मोजतो?

पण जर्जरता एका जागी थांबत नाही. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या ७५४ जणांना ५४ महिने दर दीड वर्षाने तपासलं. ५८ टक्के लोकांची जर्जरतेची पायरी निदान एकदा तरी बदलली. काही सुधारून एखादी पायरी वरही चढले. मात्र पुरते जर्जर झालेल्यांपैकी दीड वर्षात थेट ठणठणीत झालेले शंभरात एकही नाहीत.

खाली घसरायला वेळ लागत नाही. एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांची निरोगी माणसं फक्त १० दिवस पलंगावर ठेवली, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. उलट १९९४च्या बोस्टनमधल्या प्रयोगात, शुश्रूषागृहातल्या सरासरी ८७ वर्षांच्या रहिवाशांनी आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं पायांनी वजनं ढकलली. दहा आठवड्यांत त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. ज्यांना नुसतं पौष्टिक पेय दिलं, त्यांना तसा फायदा झाला नाही. अशा पेयांचे डबे विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हे सापडणार नाही.

तेव्हा आजी पाण्यासाठी स्वतःहून उठत असतील तर ‘तुम्ही बसा, मी आणते’ म्हणू नका. आणि इस्पितळातून त्यांना घरी आणलंत, तर डॉक्टरांना औषधांबरोबर व्यायामही लिहून मागा.