एसजीपीटी वाढले, म्हणून आमवाताची गोळी बंद?

मिरजेत १८९४ साली वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल उभे राहिले. तेव्हापासून सांगली-साताऱ्याच्या गावोगावचे लोक दुखणे घेऊन मिरजेची वाट धरत आले. आमवाताचे रुग्ण त्यात आलेच. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू होते, बोटांची सूज उतरू लागते, सकाळी वेणी घालता येते, तांब्या धरता येतो. आणि मग एखाद्या तपासणीत रिपोर्टवर येते एसजीपीटी ७८, शेजारी छापलेले असते ‘४० पर्यंत’. घरात निकाल लागतो: गोळ्या गरम पडल्या, लिव्हर गेले. गोळी बंद होते. डॉक्टरांना हे कळते सांधे पुन्हा सुजल्यावर, आणि तोवर हाडांची जी झीज झालेली असते ती भरून येत नाही.

‘एसजीपीटी वाढले म्हणजे कावीळ झाली’

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम. पेशी दुखावल्या की ती रक्तात उतरतात. पेशींना त्रास होतो आहे एवढे त्यावरून कळते. यकृत काम किती करते आहे हे कळत नाही. त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची तपासणी बघावी लागते. कावीळ म्हणजे बिलिरुबिन वाढणे. ते नेहमीसारखे असेल तर ७८ हा आकडा पाहून काविळीचे झाडपाल्याचे औषध घ्यायला किंवा नाकात रस सोडून घ्यायला धावणे म्हणजे दुखावलेल्या यकृतावर आणखी एक ओझे टाकणे.

एसजीओटी तर स्नायूंतही असते. दिवसभर ऊसतोड केलेल्या माणसाचे ते थोडे चढलेले दिसू शकते. रक्त कोणत्या दिवशी दिले यानेही फरक पडतो. मेथोट्रेक्सेट घेतल्यावर एक-दोन दिवस ही एन्झाइम तात्पुरती वर जाऊ शकतात. म्हणून रक्त पुढच्या गोळीच्या एक-दोन दिवस आधी द्यावे. रविवारी गोळी आणि सोमवारी रक्त असा क्रम असेल तर डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा.

‘ही कॅन्सरची गोळी, यकृत जाळतेच’

मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात हे खरे. पण तिथे काही प्रकारांत मात्रा ग्रॅममध्ये असते, आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. अमेरिकेत १९८८ मध्ये तिला आमवातासाठी मान्यता मिळाली. एवढ्या वर्षांच्या वापरातून तिचे धोके आणि त्यांवरचे उपाय नीट माहीत झाले आहेत. सोबत दिलेले फॉलिक ॲसिड ही ‘ताकदीची गोळी’ समजून अनेकजण सोडून देतात. एन्झाइम वाढण्याचे प्रमाण तिने खरोखर कमी होते.

आकडा वरच्या मर्यादेच्या दुपटीच्या आत असेल तर बहुधा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात किंवा मात्रा थोडी उतरवतात. तिपटीच्या पुढे गेला तर गोळी थांबवून कारण शोधतात. लेफ्लुनोमाइड हे आमवाताचे दुसरे औषध चालू असेल तर आणखी दक्षता हवी, कारण ते औषध थांबवल्यावरही शरीरात बराच काळ रेंगाळते. हे सगळे डॉक्टरांनी ठरवायचे, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांना फोन करायला उशीर करायचा नाही.

खरा जीवघेणा घोळ वेगळाच आहे: आठवड्याची गोळी चुकून रोज घेणे. त्यात तोंड सोलते, रक्तपेशी घटतात, प्राणही जाऊ शकतो. पाकिटावर वाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’

या समजाने सर्वांत जास्त नुकसान होते असे माझे मत आहे, आणि हळदीच्या सांगलीत ते स्पष्ट लिहायला हवे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाजीतल्या चिमूटभर हळदीला घाबरायचे कारण नाही; तिच्यात कर्क्युमिन शेकडा दोन ते पाच एवढेच असते. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये मात्र ते काढून दाट केलेले असते, आणि ते रक्तात जास्त उतरावे म्हणून अनेकदा काळ्या मिरीचा अर्क घातलेला असतो. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्या. अमेरिकेतल्या नोंदीत दहापैकी सात रुग्णांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे शेजाऱ्याला मानवले ते आपल्याला मानवेलच असे नाही.

गुळवेलीचा अनुभव तर मुंबईतलाच. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्ण पाहिले. कोरोनाच्या भीतीने सगळ्यांनी गुळवेल घेतली होती आणि यकृताला सूज आली होती. आधीच यकृत खराब असलेला एक रुग्ण दगावला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दिसायला सारखी दुसरी वेल असेल असे सांगितले. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृताची ही सूज प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटल्यासारखी होती. आमवातही त्याच जातीचा आजार. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला आमवाताच्या रुग्णाने म्हणूनच डोळे झाकून घेऊ नये.

आठवडी बाजारातली वाताची पुडी तर घेऊच नये. दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असते.

‘त्यापेक्षा मेडिकलमधली दुखण्याची गोळी बरी’

वेदनाशामकाने दुखणे दबते, सांध्याची झीज थांबत नाही. डायक्लोफिनॅकही एन्झाइम वाढवू शकते. निमेसुलाइड यकृतासाठी इतके बदनाम की २०११ मध्ये आपल्याकडे बारा वर्षांखालील मुलांना ते द्यायला बंदी आली. शिवाय दुखण्याच्या जोडगोळीत बहुधा पॅरासिटामॉल असतेच, सर्दीच्या गोळीत असते, तापाच्या गोळीतही. तिन्ही एकाच दिवशी घेतल्या की बेरीज कुणीच करत नाही.

कारण शोधताना आणखी काही गोष्टी निघतात: पोटाचा घेर आणि साखर वाढून झालेले फॅटी लिव्हर, दारू, हिपॅटायटिस बी-सी, क्षयाच्या गोळ्या. हिपॅटायटिसची तपासणी तर मेथोट्रेक्सेट सुरू करण्यापूर्वीच व्हायला हवी. दवाखान्यात जाताना चालू असलेली प्रत्येक गोष्ट पिशवीत न्या, चूर्ण, काढा, कॅप्सूल सगळे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेल्या डबीतच अनेकदा उत्तर असते.

आणि तपासणी रिपोर्ट चांगले आले म्हणूनही सोडायची नाही. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, पुढे स्थिरावल्यावर साधारण तीन महिन्यांनी ती लागतेच. मधल्या काळात डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, तोंडात फोड आले, ताप चढला किंवा कोरड्या खोकल्यासह दम लागला, तर त्या आठवड्याची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.