धर्मगुरूंविना टिकलेली श्रद्धा : जपानमधील गुप्त ख्रिस्ती कुटुंबे

संकल्पना

ख्रिस्ती श्रद्धा सामान्यतः दोन मार्गांनी पुढच्या पिढीकडे जाते. चर्चमधील संस्कार व शिकवण हा एक मार्ग. घरातील प्रार्थना, सण आणि वडीलधाऱ्यांचे आचरण हा दुसरा. एरवी हे मार्ग एकमेकांत इतके मिसळलेले असतात की कोणत्या मार्गाने काय आले, हे सांगता येत नाही. जपानमधील नागासाकी परिसरात सतराव्या शतकात पहिला मार्ग पूर्णपणे बंद झाला आणि दोन शतकांहून अधिक काळ केवळ दुसराच उरला. त्यामुळे कुटुंबाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींचा अभ्यास येथे करता येतो.

पार्श्वभूमी

फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानमधील कागोशिमा येथे उतरले. पुढील काही दशकांत क्यूशू बेटावर ख्रिस्ती समाज झपाट्याने वाढला. राज्यकर्त्यांना त्यात परकीय सत्तेचा धोका दिसू लागला. १५९७ मध्ये नागासाकी येथे २६ ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर ठार करण्यात आले. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया त्यांपैकी एक होते. १६१४ मध्ये देशभर बंदी आली. १६३७-३८ च्या शिमाबारा येथील उठावानंतर ती अधिक कठोर झाली. १६४४ मध्ये कोनिशी मान्शो हे देशातील अखेरचे धर्मगुरू मारले गेले.

बंदीची यंत्रणा

प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात करणे सक्तीचे होते. पाच-पाच घरांचा गट परस्परांच्या वर्तनाला जबाबदार धरला जाई, आणि खबर देणाऱ्यास बक्षीस मिळे. नागासाकीत लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. अशा प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणत. परिणामी ही कुटुंबे बाहेर बौद्ध म्हणून वावरत आणि घरात ख्रिस्ती राहत.

कामाची वाटणी

कॅथलिक शिकवणीनुसार मिस्सा अर्पण करणे आणि पापनिवेदन ऐकणे केवळ धर्मगुरूच करू शकतात. बाप्तिस्मा मात्र निकडीच्या वेळी कोणीही देऊ शकतो. गुप्त समाजाची रचना याच भेदावर उभी राहिली. सोतोमे आणि उराकामी भागांत ‘चोकाता’ दिनदर्शिका व प्रार्थना सांभाळी, ‘मिझुकाता’ बाप्तिस्मा देई, तर ‘किकियाकू’ निरोप पोहोचवी व साहाय्य करी. मिशनऱ्यांनी पूर्वी स्थापन केलेल्या बंधुसंघांचा अनुभव या वाटणीमागे होता.

दिनदर्शिका आणि पाठांतर

‘बास्तियान दिनदर्शिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणनेत चर्चचे सण स्थानिक चांद्र कालगणनेशी जोडलेले होते. नाताळ, उपवासकाळ आणि ईस्टर केव्हा येतात, कोणत्या दिवशी काम टाळायचे, हे त्यावरून ठरे. ‘ओराशो’ नावाच्या प्रार्थना मुख्यतः मुखोद्गत केल्या जात. त्यांत जपानीबरोबर लॅटिन व पोर्तुगीज शब्द होते. लिखित पुरावा कमीत कमी ठेवण्याचा हा मार्ग सुरक्षित होता.

पश्चात्तापाची प्रार्थना

प्रतिमेवर पाय ठेवणाऱ्या कुटुंबाने त्या अपराधाच्या जाणिवेसह कसे जगायचे, हा सर्वांत अवघड प्रश्न होता. १६०३ मध्ये तयार झालेल्या एका जपानी पुस्तिकेत त्याचे उत्तर मिळाले. देवावरील प्रेमातून उपजलेला परिपूर्ण पश्चात्ताप केला, आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवला, तर धर्मगुरूंच्या अनुपस्थितीतही क्षमा मिळते, ही शिकवण तीत होती. ही पुस्तिका हाताने नकलली गेली आणि तिच्यातील प्रार्थना पिढ्यानपिढ्या म्हटली गेली. भीतीपोटी केलेल्या कृतीनंतरही श्रद्धेकडे परतण्याची वाट त्यामुळे खुली राहिली.

पुनर्भेट

१७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही शेतकरी नागासाकीतील नव्या ओउरा चर्चमध्ये आले. फ्रेंच धर्मगुरू बेर्नार पेतिजाँ यांच्यापाशी त्यांनी आपली श्रद्धा प्रकट केली आणि मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. छळ मात्र संपला नव्हता. त्यानंतर उराकामीतील तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले आणि सहाशेहून अधिक जण दगावले. १८७३ मध्ये बंदीचे फलक हटवले गेले. या परंपरेशी निगडित १२ स्थळांचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

मर्यादा

शब्द टिकले, तरी अनेकांचे अर्थ पुसट झाले. ‘तेन्ची हाजिमारी नो कोतो’ या संहितेत बायबलमधील कथा जपानी लोककथांत मिसळलेल्या दिसतात. बंदी उठल्यावर सर्वच कुटुंबे चर्चमध्ये परतली नाहीत. इकित्सुकी बेटावरील अनेकांना पूर्वजांनी प्राण पणाला लावून जपलेली रीत सोडणे अयोग्य वाटले. पुढे तरुण शहरांकडे गेले, वारस उरले नाहीत आणि असे गट एकेक करून विसर्जित होऊ लागले. छळात तगलेली परंपरा स्वातंत्र्यात क्षीण झाली, कारण ती लहान गावातील घट्ट नात्यांवर अवलंबून होती.

निष्कर्ष

नेमून दिलेले काम, वर्षाला आकार देणारे सण, पाठ असलेले शब्द आणि चुकीनंतर परतण्याची सोय, या चार आधारांवर कुटुंबांनी श्रद्धा पुढे नेली. त्यांच्या निष्ठेचे आणखी एक लक्षण तितकेच महत्त्वाचे आहे. जे घरात होऊ शकत होते ते त्यांनी केले, आणि जे केवळ धर्मगुरूच करू शकतात त्याची उणीव ते विसरले नाहीत. ही उणीव मुलांनाही सांगितली गेली होती, म्हणूनच ओउरा येथे आलेल्या पिढीला आपण कोणाला शोधत आहोत, हे ठाऊक होते.