मागे घर, घरामागे नाव

गळ टाकून पाण्याकाठी बसण्याचा नाद ज्याला एकदा लागला, त्याला दोन वस्तूंची उणीव सतत भासत असते. एक, काठापासून दूर खोल पाण्यात नेणारी नाव. आणि दुसरी, उजाडताच पुन्हा गळ टाकता यावा म्हणून पाण्याच्या जवळच रात्र काढता येईल असे छप्पर. घरची मोटार असलेल्या गृहस्थाच्या मनात मग साहजिकच विचार येतो की, मोटारीमागे एक चाकांचे घर जोडावे, त्या घरामागे नावेचा ट्रेलर जोडावा, आणि नागपुराहून निघून थेट वैनगंगेचा किंवा प्राणहितेचा काठ गाठावा. अमेरिकेतील काही राज्यांत अशी तिहेरी गाडी रस्त्यावर दिसते. त्याच देशातील दुसऱ्या काही राज्यांत तिला साफ मनाई आहे. आणि ब्रिटनमध्ये साध्या मोटारीला एकाहून अधिक ट्रेलर जोडू देत नाहीत. एकाच गोष्टीविषयी इतका मतभेद का असावा, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानवाटांवर ती कितपत साधेल, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहू. तो समजण्यासाठी यंत्रशास्त्राचा ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. आपल्याकडील शेतकऱ्याची बंडी डोळ्यांसमोर आणली म्हणजे पुरे. बंडीत माल भरताना ओझे चाकांच्या फार मागे गेले, तर जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला ओढ बसते, आणि गाडी उलाळ झाली असे आपण म्हणतो. उलट ओझे फार पुढे आले, तर जू बैलांच्या मानेत रुतते. म्हणून जाणता गाडीवान भार असा रचतो की, बहुतेक वजन चाकांनी पेलावे आणि थोडेसेच जुवावर यावे. मोटारीमागच्या ट्रेलरचे शास्त्र नेमके हेच आहे. मोटारीच्या मागील बाजूस लोखंडी गोळा असतो व ट्रेलरच्या तोंडाशी त्यावर बसणारी वाटी असते. हा सांधा म्हणजेच येथील जू. ट्रेलरच्या एकूण वजनाचा निदान दहावा हिस्सा या सांध्यावर पडावा, असा अमेरिकेतील जाणत्यांचा दंडक आहे. तो भार घटला की ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो, आणि वेग अधिक असेल तर ते हेलकावे मोटारीलाच रस्त्यावरून ओढून नेतात.

आता या चाकांच्या घरामागे नाव जोडली म्हणजे काय होते? समजा, घराचे वजन ७०० किलो असून त्यातले ७० किलो पुढल्या सांध्यावर आहे. पुढल्या सांध्यापासून चाकांचा कणा ३ मीटर आणि कण्यापासून मागला सांधा २ मीटर अंतरावर आहे. नावेच्या ट्रेलरचे तोंड या मागल्या सांध्यावर ३० किलोने दाबते. कण्याच्या मागे पडलेले हे वजन तरफेच्या न्यायाने पुढले टोक २० किलोने उचलते. म्हणजे ७० किलोचा भार ५० वर आला. दहावा हिस्सा होता तो चौदावा झाला. नीट भरलेली गाडी नावेच्या केवळ तोंडाने उलाळीकडे झुकली! रस्त्यात खड्डा आला म्हणजे मागचे तोंड आदळते, आणि त्या क्षणापुरता हा भार आणखीही घटतो. नाव हलकी आहे, तिचे ओझे ते किती, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब अवश्य करून पाहावा.

दुसरा दोष हेलकाव्यांचा. मोटारीचे चक्र हाताने किंचित झटकले तर मोटार थोडी हलते, तिच्यामागचे घर त्याहून अधिक हलते, आणि घरामागची नाव त्याहूनही अधिक. गुराख्याच्या चाबकाचा दांडा वीतभर हलतो तेव्हा वादीचे टोक हातभर फिरते, तसाच हा प्रकार. वळणावर आणखी एक अडचण येते. मोटारीची चाके ज्या वाटेने गेली, त्याच्या आतल्या बाजूने घराची चाके जातात, आणि त्यांच्याही आतून नावेची. चालकाने मोटार वळणावरून सुखरूप नेली तरी शेवटचे चाक कोणाच्या कुंपणाला, किंवा कडेने चाललेल्या सायकलस्वाराला घासेल, हे त्याला आपल्या जागेवरून दिसत नाही.

तिसरी गोष्ट थांबण्याची. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर नेला तर तो दीडपट होतो; पण गाडी थांबवताना ब्रेकांना जी गतिशक्ती गिळावी लागते ती सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तशात ताशी ६० च्या वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर गुरांचा कळप आला हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि तेवढ्यात ही सारी वरात आपल्या संपूर्ण लांबीइतकी पुढे सरकलेली असते. ट्रेलरांना स्वतःचे ब्रेक नसतील तर त्यांचा सारा लोंढा मोटारीच्या पाठीवर येतो.

परंतु सर्वांत मोठी अडचण पुढे जाण्याची नसून मागे येण्याची आहे. एक ट्रेलर मागे न्यावयाचा तर चक्र उलट फिरवावे लागते: ट्रेलर डावीकडे जावा असे वाटत असेल तर आरंभी चक्र उजवीकडे. सरावाने हे साधते. दोन ट्रेलर असले म्हणजे उलट्याचे पुन्हा उलटे होते, शिवाय झालेली बारीकशी चूक क्षणोक्षणी वाढत जाते. आणि चार हात मागे गेल्यावर घर एका अंगाला व नाव दुसऱ्या अंगाला मोडून पडते. तेव्हा सांधे सोडून एकेक गाडी हाताने ढकलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आता गंमत पाहा की, नाव पाण्यात उतरवावयाची म्हणजे तिचा ट्रेलर मागे मागे नेऊनच काठावरून खाली न्यावा लागतो. ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला, ते कामच या जोडणीत होत नाही.

हे झाले शास्त्र. आता प्रदेशाकडे वळू. १९६४ पर्यंत ज्याला चांदा जिल्हा म्हणत, त्याचाच पूर्वभाग २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. दोहोंच्या मधून वैनगंगा वाहते. पुढे वर्धा तिला मिळून प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते. मूल, सावली ओलांडून वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीस जावे, आणि तेथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करीत सिरोंच्यास पोहोचावे, हा या भागाचा मोठा रस्ता. मोठ्या रस्त्यावरून पाण्याकडे फुटणाऱ्या वाटा मात्र एका बंडीपुरत्या असतात. समोरून दुसरी बंडी आली किंवा वाट ओढ्यात संपली, तर मागे येण्याखेरीज उपाय नाही. आणि मागे येणे म्हणजे काय, ते आपण नुकतेच पाहिले. पावसाळ्यात तर पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की भामरागड जगापासून तुटे, असा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. तशा वेळी मागे वळू न शकणारी गाडी घेऊन जाणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

चाकांचे घर कोठेही उभे करावे, हेही येथे संभवत नाही. ब्रह्मपुरी वनविभागात व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेरही वाघांचा वावर मोठा आहे, आणि तळ्याच्या पाण्यावर मासे धरणाऱ्या माणसाइतकाच हक्क तहानलेल्या जनावराचाही आहे. ताडोब्याचे तळे राष्ट्रीय उद्यानात असून त्यात मगरींची वस्ती आहे. तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेसुद्धा एक मोटार वाहनच असून त्याची वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक सर्वांत मागच्या ट्रेलरवर दिसावा लागतो. ओळखीच्या लोहाराकडून सांगाडा जोडून घेतला आणि निघालो, हे चालत नाही. मोटार किती वजन ओढू शकते याची मर्यादा तिच्या कारखान्याने ठरविलेली असते. दोन ट्रेलर असतील तर दोघांचे वजन मिळून त्या मर्यादेत बसले पाहिजे.

मग मासेमारीची हौस सोडून द्यावी काय? मुळीच नव्हे. या मुलुखाने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला आहे. येथील ढीवर, भोई, केवट मंडळींनी घर आणि नाव बरोबर वाहून नेण्याचा उपद्व्याप कधी केला नाही; त्यांनी नाव पाण्यापाशीच ठेवली. एका सबंध झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा ज्या नदीचा, त्याच नदीवर आपले आयुष्य काढतो. त्याचा तळ गोलसर असल्यामुळे नवखा मनुष्य त्यात उभा राहिला की तो कलंडू पाहतो. बसून राहिल्यास तोच डोंगा उथळ पाण्यातून, वाळूच्या पट्ट्यांमधून सफाईने वाट काढतो. दोन डोंगे शेजारी शेजारी ठेवून आडव्या लाकडांनी बांधले, तर कलंडण्याची भीती पुष्कळच कमी होते. येथे एक मौजेचा भेद ध्यानात येतो. पाण्यावर दोन वाहने शेजारी बांधली तर ती एकमेकांना सावरतात. रस्त्यावर दोन वाहने एकामागे एक बांधली तर ती एकमेकांना बिघडवितात.

तळ्यांचीही अशीच व्यवस्था आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेली व पुढे मालगुजारांकडे असलेली तळी या भागात विपुल आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणतात. अशा कित्येक तळ्यांतील मासळीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे असतो. रोहू व कतला यांचे बीज त्यांनी पदरच्या पैशाने सोडलेले असते. तळे उघड्यावर आहे म्हणून ते बेवारशी आहे, असा समज शहरातल्या मनुष्याने करून घेऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर वनवासी समूहांचा मासळीवरील व पाण्यातील इतर उत्पन्नावरील हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा गावास २००९ मध्येच सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणून गळ टाकण्यापूर्वी संस्थेस किंवा ग्रामसभेस विचारणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. दुसऱ्याच्या ताटातील घास उचलण्यापूर्वी त्याची अनुमती घेणे होय.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. मोटारीमागे जोडावयाचे ते एकच. चाकांचे घर नेणार असाल तर ते मोठ्या रस्त्यालगतच्या गावात, परवानगीने, उभे करावे आणि नाव पाण्याकाठच्या नावाड्याकडून भाड्याने घ्यावी. स्वतःची नावच हवी असेल तर घर सोडावे व मुक्काम विश्रामगृहात करावा. किंवा हवा भरून फुगविण्याची, घडी होणारी नाव घ्यावी, म्हणजे ती मोटारीच्या पोटातच मावते. पहिला मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्यात नावाड्याच्या पदरी चार पैसे पडतात, आणि कोणत्या डोहात मरळ बसते व कोणत्या वळणावर पाणी फसवे आहे, हे त्याचे ज्ञान आपल्याला लाभते. पावसाळा हा रोहू-कतल्याच्या विणीचा काळ असल्याने त्या महिन्यांत गळ घरीच ठेवावा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. नाव कोणाचीही असो, तरंगते जाकीट अंगात घातल्यावाचून तिच्यात पाऊल टाकू नये. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील शेतमजूर स्त्रिया मिरची तोडण्याच्या कामासाठी वैनगंगेच्या पैलतीरी निघाल्या असता नाव उलटली आणि त्यांतील काहींना आपले प्राण गमवावे लागले. महिना पौषाचा होता, नदीला पूर नव्हता. आपण हौसेसाठी ज्या पाण्यावर जातो, त्याच पाण्यावरून ही माणसे पोटासाठी रोज जातात. आपल्या मोटारीत दोन जाकिटे अधिक असली, आणि परततांना ती नावाड्याजवळ ठेवून आलो, तर मागे ओढून नेलेल्या कोणत्याही ओझ्यापेक्षा त्या प्रवासाचे सार्थक अधिक होईल.